सात शिट्ट्यांचं पाणी

लखनौमध्ये चांगले मासे कुठे मिळतात, असं मला हल्ली लोक विचारतात. खाण्याचे नव्हे, काचेच्या टाकीत ठेवायचे, त्यातही सिक्लिड. सिक्लिड म्हणजे माशांतलं एक मोठं भांडखोर घराणं. मी चौथी शिकलेली, शहात्तरी गाठलेली बाई. मला माशांतलं काय कळणार? पण आमच्या बैठकीतली टाकी पाहिली की लोकांना राहवत नाही. मी त्यांना उलट विचारते, "तुमच्या घरी तुरीची डाळ किती शिट्ट्यांत शिजते?" पुरुषांना ते माहीत नसतं. बायका तीन म्हणाल्या तर मी सांगते, तुमच्याकडून होणार नाही. सात म्हणाल्या तर बसवून घेते आणि चहा टाकते.

ही परीक्षा सरोजिनी नगरच्या एका गृहस्थांची. पण त्यांनी ती माझ्या स्वयंपाकघरातून उचलली, तेव्हा निम्मी माझीही आहे.

ते हवाई दलात होते. विमानातली घड्याळं आणि काटे दुरुस्त करायचे. शेवटची बदली लखनौला झाली आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिले. ते साताऱ्याकडचे, आम्ही भंडाऱ्याचे. माझे यजमान टेलिफोन खात्यात होते. दोघांची ओळख विहारात झाली, रविवारच्या वंदनेनंतर. ते मला वहिनी म्हणायचे आणि मी त्यांना भाऊजी. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मग घरात मासे शिरले.

शिरले म्हणजे किती, तर सव्वीस टाक्या. बैठकीत, न्हाणीच्या भिंतीला, जिन्याखाली. देवघर नव्हतंच, त्या जागीही टाकी. घरात खुर्ची एकच आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना चालायचं नाही. म्हणायचे, मासे त्या खुर्चीत मलाच ओळखतात, दुसरं कुणी दिसलं की दोन दिवस खात नाहीत. पाहुण्याने पालथ्या बादलीवर बसायचं. मीही बसले आहे. यजमानांनी हयातीत मला कधी बादलीवर बसवलं नाही, हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांच्याकडे मासे कुठे होते?"

फाटकावर पाटी होती: "यहाँ मछली मिलती है। हर किसी को नहीं।"

घरावरून विमानं उतरायची. इतकी खाली की चाकं मोजता यावीत. विमान आलं की बोलणं ऐकू येत नसे, म्हणून भाऊजी वाक्याच्या मधेच एक बोट वर करायचे आणि गप्प बसायचे. विमान गेलं की बोट खाली आणि वाक्य नेमकं तुटलं होतं तिथून पुढे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्यांच्याशी पहिल्यांदा बोलणारा माणूस त्या वेळात घाबरून जाई. वर केलेलं बोट आणि मोठे डोळे बघून त्याला वाटे, आपलं काही चुकलं.

विकणे हा शब्द त्यांना खपत नसे. मासा विकायचा नाही, त्याची पोस्टिंग करायची. देताना एक कागद लिहून द्यायचे: कुठून कुठे बदली, काय खातो, कुणाशी पटत नाही. आठ दिवसांनी स्कूटरवर बसून स्वतः तपासणीला जायचे, न कळवता. टाकी घाण दिसली की घरच्या माणसांसमोर मासा जाळीने काढून पिशवीत भरायचे आणि निघायचे. एका वकिलाच्या घरून त्यांनी अशीच जोडी परत आणली. वकील फाटकापर्यंत मागे आला. म्हणाला, "मैं आप पर केस कर दूँगा!" भाऊजी स्कूटरला किक मारत म्हणाले, "ज़रूर कीजिए। गवाह मेरे पास है, पिशवी में।" पिशवी हा शब्द वकिलाला कळला नाही, पण पिशवी दिसली.

एकदा माझ्यासमोर गोमती नगरहून एक जोडपं आलं. मोठी गाडी, नवऱ्याच्या हातात तीन अंगठ्या. त्यांना कपाळावर मोठं टेंगूळ असलेला सिक्लिड हवा होता. वास्तुवाल्याने सांगितलं होतं म्हणे, तो घरात ठेवला की भरभराट होते.

"भैया, जितना बड़ा गूमड़, उतना अच्छा," बाई म्हणाली.

"गूमड़ चाहिए तो घर का दरवाज़ा नीचा बनवाइए," भाऊजी म्हणाले. "सबके माथे पर निकल आएगा। मछली को क्यों तकलीफ़?"

नवरा हसला. बाई हसली नाही. दोघं गेली. मी म्हटलं, "भाऊजी, अशानं तुमचं दुकान कसं चालेल?" ते म्हणाले, "दुकान कुणाचंय?"

पण मासे कुठून घ्यावेत हे त्यांच्याइतकं सरळ कुणी सांगत नसे. बाजारातल्या दुकानांनाही ते सरसकट नावं ठेवत नसत. म्हणायचे, वहिनी, रंग बघू नका, पोट बघा. भाजी घेताना तुम्ही देठ बघता ना, तसं. दुकानदाराला म्हणावं, माझ्यासमोर खायला घाल. खात नाही तो मासा घ्यायचा नाही, फुकट दिला तरी नाही. कोलकात्याचा माल ज्या दिवशी येतो त्या दिवशी तर दुकानाची पायरीच चढायची नाही. प्रवासाने तो अर्धमेला असतो. आठ दिवसांनी जायचं. तोवर जे मरायचे ते दुकानदाराकडे मरतात. आणि एकच जाळी सगळ्या टाक्यांत फिरवणारा दुकानदार दिसला की नमस्कार करून बाहेर पडायचं.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी आमच्या घरात मासे मरत होते.

आमचं घर विकास नगरला. यजमान गेल्यावर मी, मुलगा, सून आणि नात. मुलाने नवा सोफा घेतला आणि सोफ्यासमोर शोभेला टाकी आणली. मॉलमधून पिवळे, निळे आठ सिक्लिड आणले. आठ दिवसांत सगळे गेले. पुन्हा आणले, पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी नात रडून जेवेना. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. म्हणाली, "आजी, हम लोग मछलियों के लिए मनहूस हैं क्या?" मला राग आला. मनहूस कसले? मी स्वतः रोज आरओचं पाणी बादलीत भरून टाकीत ओतत होते. आमच्या मशीनला एक बादली भरायला सगळी दुपार लागते. लहान मुलाला पाजावं तसं पाणी मी त्या माशांना देत होते.

मुलाला भाऊजी आठवले. आम्ही दोघं सरोजिनी नगरला गेलो. भाऊजींनी आधी फोनवर बजावलं होतं, टाकीतलं पाणी आणा आणि टाकीत जे ओतता तेही आणा. मी दोन बाटल्या नेल्या. त्यांनी काचेच्या नळीत थेंब टाकले, रंग बघितला, आणि मग सरळ आरओच्या बाटलीला तोंड लावून एक घोट घेतला.

"हे माशांना देता?"

"मग काय नळाचं देऊ? आमच्या बोअरचं पाणी बघितलंय का? तव्यावर सांडलं तर पांढरा डाग पडतो. नळ चुन्याने बुजतात. तीस वर्षं झाली, त्या पाण्यात माझी डाळ शिजत नाही. सात शिट्ट्या काढते तरी पाणी वेगळं, डाळ वेगळी."

भाऊजी बादलीवरून उठले. हो, त्या दिवशी खुर्ची त्यांनी मला दिली होती, ते सांगायचं राहिलं. यजमान जाऊन फार दिवस झाले नव्हते.

"सात शिट्ट्या?" त्यांनी विचारलं. "खरं सांगताय?"

"खोटं सांगायला डाळ काय माझी नातेवाईक आहे?"

"आणि डाळ कुठल्या पाण्यात शिजवता?"

"बोअरच्याच. आरओ प्यायला. डाळ काय, उकळतेच. मासे पाणी पितात, म्हणून त्यांना आरओ."

मुलानेही मान हलवली. हा हिशोब आमच्या घरात सगळ्यांना पटलेला होता. सुनेने तो मांडला होता आणि ती बी.कॉम. आहे.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही अगदी," आणि बोट वर केलं. विमान आलं होतं. भांडी वाजली, टाक्यांतलं पाणी थरथरलं. मी वाट बघत बसले. बाईमाणसाला वाटतं, काहीतरी चांगलं येणार असेल. विमान गेलं. बोट खाली आलं.

"मूर्ख आहात," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. हे सिक्लिड ज्या तळ्यातले, तिथलं पाणी दगडासारखं जड. आरओच्या पाण्यात काहीच नसतं, ते उपाशी पाणी. त्यात हा मासा झिजून मरतो. आणि जड पाण्यात डाळ शिजत नाही. "उलटं करा," ते म्हणाले. "माशांचं पाणी डाळीला द्या आणि डाळीचं माशांना."

घरी येऊन मी आरओच्या पाण्यात डाळ लावली. तिसऱ्या शिट्टीला उतरवली. लोण्यासारखी. आरओ घरात आठ वर्षं होतं. त्यातली साडेसात वर्षं यजमान जिवंत होते आणि माझ्यासमोर बसून ती बोटाला टोचणारी डाळ खात होते. ते काही म्हणाले नाहीत. मीही काही म्हणाले नाही. मासे मात्र मेल्यावर सगळ्यांनी विचार केला.

भाऊजींनी पाच पिवळ्यांची आमच्याकडे पोस्टिंग केली. कागदावर लिहिलं: "सरोजिनी नगर ते विकास नगर. पाणी उत्तम. बाई तोंडाने कडक, हाताने बरी." तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला ते डाळीच्या शिट्ट्या विचारू लागले. काचेच्या नळ्या धूळ खात पडल्या.

मला माशांचा लळा लागला, असं लिहिणार नाही. ते सारखे भांडतात. एका दगडासाठी दिवसभर मारामारी, आणि दगड फोडणीच्या डब्याएवढा. पण त्यांच्यातली एक मादी एकदा खाईनाशी झाली. गाल फुगलेले, कोपऱ्यात गप्प. मी भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, तोंडात अंडी आहेत. पिलं होईपर्यंत तीन आठवडे काही खाणार नाही, तोंडही उघडणार नाही. मला खरं वाटेना. पोरांसाठी उपाशी राहणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या, पण त्यांतली तोंड बंद ठेवणारी एकही नाही. मग मी रोज तिच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले, भाजी निवडायला. तिने खरंच तीन आठवडे तोंड उघडलं नाही. बाईसाहेबांपुढे मी हरले.

आता मुख्य गोष्ट. मुलाने गोमती नगरला फ्लॅट घेतला, अकराव्या मजल्यावर. त्याचं ऑफिस तिकडेच. विकास नगरचं घर विकायचं आणि सगळ्यांनी तिकडे जायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. मला सांगितलं तेव्हा ठरलेलं होतं. मी म्हटलं, मी येणार नाही. सून म्हणाली, "मम्मीजी, लिफ्ट आहे ना." मी पुन्हा म्हटलं, मी येणार नाही. मुलगा म्हणाला, "आई, तुला एकटीला इथे ठेवलं तर लोक काय म्हणतील?" तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा टीव्ही चालू होता. या घराची प्रत्येक वीट यजमानांबरोबर उभं राहून मी भिजवली आहे. शेजारणींशी तीस वर्षांची ओळख आहे. पण "मला जायचं नाही" हे काही कारण होत नाही. म्हाताऱ्या माणसाला कारण लागतं, आणि ते डॉक्टरने लिहून दिलेलं असलं तर बरं.

त्याच सुमारास भाऊजींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्या पुण्याच्या मुलीने निक्षून सांगितलं, आता पुरे, इकडे या. ते एकेका टाकीची पोस्टिंग करू लागले. शेवटी पंधरा पिवळे उरले, त्यांच्या हातचे, लखनौच्याच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले. ते कुणालाच देईनात. मग एक दिवस माझ्या बैठकीत येऊन उभे राहिले. "वहिनी, हे पंधरा तुमच्याकडे."

मुलगा म्हणाला, "काका, हम तो शिफ्ट हो रहे हैं. फ्लॅटवर घेऊन जातो ना सगळे."

"फ्लॅटचं पाणी बघू," भाऊजी म्हणाले.

रविवारी आम्ही सगळे गोमती नगरला गेलो. भाऊजींनी काळा चष्मा लावला होता आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. जणू अख्ख्या इमारतीची तपासणी होती. स्वयंपाकघरातला नळ उघडला, न्हाणीतला उघडला, बाल्कनीतलाही. तिथे सोसायटीचं मोठं मशीन सगळ्या इमारतीचं पाणी मऊ करून सोडतं, असं सुरक्षारक्षक कौतुकाने सांगत होता. भाऊजींनी नळ्या भरल्या, थेंब टाकले, नातीला रंग दाखवला.

"नापास," ते म्हणाले. "इथे हे पंधरा महिनाभर जगणार नाहीत."

नातीचे डोळे भरले. "पापा, मछलियाँ यहाँ नहीं आएँगी?"

मुलगा म्हणाला, "काका, पाण्यात काही टाकून जमत नाही का? काही तरी असेल ना, पावडर वगैरे?"

भाऊजींनी बोट वर केलं.

आम्ही सगळे थांबलो, सवयीने. मी बाल्कनीतून वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं. विमान काय, घारही नव्हती. बोट तसंच वर. भाऊजी माझ्याकडे बघत होते. काळ्या चष्म्यातून कळत नव्हतं, पण माझ्याकडेच. मग बोट खाली आलं.

"नाही," ते म्हणाले. "काहीही जमत नाही."

तिसऱ्या दिवशी मुलगाच म्हणाला, "आई, मग असं करू का? तू आणि मासे इथे राहा. आम्ही रविवारी येत जाऊ." त्याच्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. आईला एकटं टाकून गेलो, हे सांगायची त्याला लाज वाटत होती. आई माशांसाठी थांबली, हे तो ऑफिसात हसत सांगतो. घर विकलं नाही. पंधरा पिवळे आले, कागदावर शिक्क्याच्या जागी भाऊजींच्या अंगठ्याचा ओला डाग.

भाऊजी पुण्याला गेले. जाताना उरलेलं सामान आमच्याकडे टाकून गेले: जाळ्या, रबरी नळ्या, दोन बादल्या. महिन्याभराने मी ते पसारा म्हणून आवरायला घेतलं. बादलीत एक पत्र्याचा डबा निघाला. जड. आत संगमरवराची खडी आणि शिंपल्यांचा चुरा. झाकणावर भाऊजींच्या अक्षरात मराठीत चिठ्ठी: "पाणी मऊ असेल तर टाकीत दोन मुठी. आठवड्याने तपासा. सिक्लिडला उत्तम."

मी तीनदा वाचली. मग फोन लावला.

"भाऊजी, फ्लॅटच्या पाण्यात खडी टाकून जमलं असतं."

"जमलं असतं."

"मग पोराला नाही का म्हणालात? माशांबद्दल तुम्ही वकिलाशी खोटं बोलला नाहीत, अंगठीवाल्याशी बोलला नाहीत."

"वहिनी, किती शिट्ट्या?"

"विषय बदलू नका. आणि खोटंच बोलायचं होतं तर डबा कशाला ठेवलात?"

"उद्या तुम्हालाच तिकडे जावंसं वाटलं तर? माझे मासे का मरावेत?"

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही अगदी,"

"थांबा वहिनी, विमान आलंय," ते म्हणाले.

मी फोन कानाला लावून ऐकत राहिले. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, त्यांच्या मुलीचा आवाज आला, बाकी काही नाही. विमान जाईपर्यंत ते काही बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. मग त्यांनी फोन ठेवला.

डबा मी स्वयंपाकघरात ठेवला आहे, तुरीच्या डाळीच्या डब्यामागे. नात स्वयंपाकघरात फक्त फ्रिज उघडते. सून रविवारी येते ती तयार ताटावर बसते. आणि मुलाने जन्मात कधी डाळीच्या डब्याला हात लावलेला नाही.